पिंपरीच्या वेडेपणाची स्तुती

चाकणमध्ये चहाच्या टपरीपासून एचआरच्या केबिनपर्यंत एक वाक्य कायम कानावर पडतं : "ज्याच्यात दम आहे तो टिकेल." ऐन दिवाळीच्या तोंडावर कंत्राट संपलं म्हणून गेटवरूनच माघारी धाडलेल्या हेल्परलाही हेच ऐकवतात. बोलणाऱ्याला वाटतं, आपल्या पाठीशी डार्विन आहे. पाठीशी असतो तो इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर. 'सर्वाइव्हल ऑफ द फिटेस्ट' हे शब्द त्याचे, १८६४ मधले. डार्विनने ते पाच वर्षांनी आपल्या ग्रंथात घेतले. सरकारने गरिबांना पोसू नये, सार्वजनिक आरोग्यातही हात घालू नये, असं स्पेन्सरने १८५१ मध्येच लिहिलं होतं. त्याच्या हिशेबात दुबळ्यांना असं जपणं हा सगळा वेडेपणा.

मला या वेडेपणाची स्तुती करायची आहे, आणि मनापासून करायची आहे. चाकणजवळच्या पिंपरीची उभारणीच त्यातून झाली.

एमआयडीसी १९६२ची. तिच्याही आधी, १९५४ मध्ये, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. इथल्या माणसांच्या तोंडी ती 'एचए कंपनी'. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी हात दिला आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिन तयार होऊ लागलं. न्यूमोनियाने तापलेलं कुणाचं तरी मूल, बाळंतरोगाने खचलेली कुणाची तरी बाई : 'दम नसलेली' माणसं जगवण्याचा हा सरकारी कारखाना होता. ती माणसं कोण, कुठल्या जातीची, कुठल्या गावची, हे पेनिसिलिन भरणाऱ्या कामगाराला कधीच कळणार नव्हतं. रक्ताच्या नात्याचा किंवा परतफेडीचा हिशेब मांडून परोपकार समजावणाऱ्यांनी या कामगाराकडे जरा थांबून पाहावं.

याच कंपनीत डॉ. थिरुमलाचार यांच्या चमूने हमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं. ज्या जिवाणूपासून ते मिळालं त्याचं नाव 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. गावाचं नाव विज्ञानात गेलं ते असं. असे जिवाणू मातीत शेजाऱ्यांशी झगडत जगतात, आणि प्रतिजैविकं ही त्या झगड्यातली शस्त्रं असावीत असं मानतात. माणसाने त्यातलंच एक उचललं आणि अनोळखी माणसाच्या जखमेवर लावलं. एखादी गोष्ट कुठून आली हे उत्क्रांती सांगेल. तिचं काय करायचं, हे त्यावरून ठरत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

उत्क्रांती खोटी आहे असं मुळीच नाही. औषध अर्धवट घेतलं तर जिवाणू त्याला दाद देईनासे होतात, हा इशारा पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता, आणि तो अक्षरशः खरा ठरला. जिवाणूंच्या बाबतीत ही उपपत्ती चोख आहे. माणसाच्या करुणेबद्दलही ती काही सांगते : एकमेकांसाठी झिजणाऱ्या टोळ्या इतरांना भारी पडल्या असतील, असं डार्विनने १८७१ मध्ये लिहिलं. पण त्याच पुस्तकात, दुबळ्यांना सांभाळल्याने मनुष्यजातीची हानी होते अशी भीती मांडून झाल्यावर, तो पुढे सांगतो की ही सहानुभूती आवरली तर आपल्या स्वभावातला सर्वांत उदात्त भाग खालावेल. टपरीवरच्या डार्विनला हे पान माहीत नसतं.

आपल्याकडे आगरकरांनी स्पेन्सर बारकाईने वाचला होता. समाज बदलत जातो, हे त्याच्याकडून घेतलं आणि त्या जोरावर विधवांची, बालवधूंची बाजू घेतली. स्वतः दम्याने जर्जर झालेला हा माणूस १८९५ मध्ये चाळिशीच्या आतच गेला. 'टिकण्या'च्या कसोटीवर तो नापासच.

आणि वेडेपणा अजून चालू आहे. प्रेस शॉपमध्ये बोटं गेलेल्या पोरासाठी खोलीतले बाकीचे वर्गणी काढतात. कुणी बीडचा, कुणी बिहारचा. उद्या कोण कुठल्या कंत्राटदाराकडे असेल, ठाऊक नाही. पैसे परत येणार नाहीत, हे मात्र सगळ्यांना ठाऊक असतं. मी त्यांच्यापुढे हात जोडतो. पण वर्गणीवर त्या पोराचं आयुष्य निघणार नाही. त्याचं ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड अपघातानंतर धावतपळत काढण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. ते कामावर घेतानाच त्याच्या हातात पडलं पाहिजे. त्याचा कायदा १९४८ मध्येच झाला.