ओटीपी चाकणला गेलाय

"मेल आयडी सांगा," असं कंधारच्या सेवा केंद्रातला पोरगा म्हणाला, की समोरचे काका बंडीच्या खिशात हात घालतात. आधी तंबाखूची पुडी निघते, मग आधार कार्डाची झेरॉक्स आणि तिच्या घडीत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर निळ्या शाईत आयडी, खाली पासवर्ड. पोरगा चिठ्ठीकडे बघतही नाही. आयडी त्यानंच काढून दिलेला, पासवर्डही त्यानंच ठेवलेला, आणि निम्म्या गिऱ्हाइकांचा तो एकच आहे: गावाचं नाव, ॲट द रेट, एक दोन तीन. ठेवताना पडद्यावर हिरवी पट्टी आली होती, 'मजबूत'. खोटं काय त्यात? पहिलं अक्षर मोठं आहे, बाकीची लहान आहेत, चिन्ह आहे, आकडे आहेत. तालुक्याला तोंडपाठ नसावा, अशी अट कुठं होती?

काकांचं काम एवढंच, की पोरीच्या प्रवेशाचं काही आलं का ते बघायचं. पोरगी लातूरला शिकायला, 'लातूर पॅटर्न'मध्ये. होस्टेलवर मोबाइल चालत नाही. म्हणून फॉर्म कंधारात भरला, आयडी कंधारात निघाला आणि मोबाइल नंबर दिला थोरल्या पोराचा, कारण घरात कायम रिचार्ज असलेला नंबर तोच. पोरगा चाकणला कंपनीत. आता केंद्रातल्या संगणकाला अचानक संशय येतो, की हे तुम्हीच कशावरून? खात्री करायला तो ओटीपी पाठवतो. ओटीपी चाकणला जातो. चाकणात रात्रपाळी करून पोरगा झोपलेला असतो.

"उचलंना की."

"थांबा काका, पुन्यांदा लावतो."

रांगेतले मागचे सात जण तोवर पावसावर बोलतात.

'युजर-फ्रेंडली' म्हणजे वापरायला सोपं, असं सगळे सांगतात. माझा प्रश्न बारीक आहे: युजर कोण? मेलचा पडदा आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक माणूस असतो. त्याचा एक फोन, एक नंबर, एक खातं, दार लावलेली खोली. आमच्याकडे एका खात्याला चार माणसं लागतात. मजकूर पोरीचा, काळजी बापाची, ओटीपी भावाचा आणि माउस केंद्रवाल्याचा. पूर्वी पोस्टमन पत्र आणायचा आणि ओट्यावर बसून वाचूनही दाखवायचा, तेव्हा त्याला कुणी 'अनोळखी उपकरण' म्हटलं नाही.

गंमत अशी, की हॉटमेल ही वेबमेल जन्मली ती परक्या मशीनवर मेल उघडायच्या याच गरजेतून. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ हे दोघं नोकरीत असताना एकमेकांना खाजगी मेल पाठवायची पंचाईत व्हायची, ऑफिसच्या भिंती आड यायच्या. त्यातून कल्पना निघाली, की मेल ब्राउझरमध्येच ठेवू. कुठल्याही, कुणाच्याही संगणकावर बसा आणि उघडा. 4 जुलै 1996 ला हॉटमेल सुरू झाली. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त मुद्दाम धरलेला. पुढच्याच वर्षअखेरीस मायक्रोसॉफ्टनं ती विकत घेतली. म्हणजे मूळ वचन काय होतं? ज्याच्याकडे स्वतःचं मशीन नाही, त्यालाही टपालपेटी. आता तीच पेटी दुसऱ्याच्या मशीनवर उघडा, ती दरवानासारखी काठी आडवी धरते. कंधारच्या भुईकोटाला आधी खंदक, मग तट, मग दरवाजा. सुरक्षेचे टप्पे आम्हाला कुणी शिकवायला नको. पण किल्ल्याची किल्ली किल्लेदार चाकणला ठेवत नसे.

शेवटी चाकणात फोन उचलला जातो. सहा आकडे येतात. पेटी उघडते.

आता चित्रांचा बाजार. डावीकडे वर तीन आडव्या रेघा. नॉर्म कॉक्स नावाच्या माणसानं 1981 साली झेरॉक्सच्या 'स्टार' संगणकासाठी त्या काढल्या. दाबलं की यादी उघडते, म्हणून यादीसारखं चित्र. पुढे लोकांना त्यात हॅम्बर्गर दिसायला लागला आणि तेच नाव पडलं. काकांनी हॅम्बर्गर पाहिलेला नाही. पण केंद्रातला पोरगा हुशार. म्हातारी माणसं स्वतः माउस धरायचा हट्ट करतात तेव्हा तो सांगतो, "काका, वर विभूतीचे पट्टे हायेत बगा, तिथं दाबा." काका बरोबर तिथं दाबतात. करोडोंच्या कंपन्यांत याला 'लोकलायझेशन' म्हणतात आणि त्याच्या बैठका घेतात.

ॲट द रेटचंही तसंच. 1971 मध्ये रे टॉमलिन्सन यांनी माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव यांच्यामध्ये ते चिन्ह ठेवलं. इंग्रजी बोलणारं जग त्याला नुसतं 'ॲट' म्हणतं. आपण मात्र 'ॲट द रेट' असं पूर्ण नाव घेतो, कारण इंग्रजी बिलात ते दराचं चिन्ह होतं. आयडी सांगताना माणूस आपला भाव सांगतोय असं वाटतं.

मराठीत पत्ता का नाही, असंही कुणी विचारेल. आहे की! देवनागरीतलं .भारत 2014 मध्ये आलं. राजस्थान सरकारनं 2017 मध्ये नागरिकांना हिंदीत मेलपत्ते द्यायलाही घेतले. तसला पत्ता एखाद्या फॉर्मात घालून बघा. लाल अक्षरात उत्तर येतं, की कृपया वैध ईमेल लिहा. पोस्टमनला कळत होतं ते फॉर्मला कळत नाही.

काकांच्या पेटीत दीडेक हजार मेल. चपला, कर्ज, विमा, पुन्हा चपला. 2013 साली जीमेलनं पेटीत कप्पे पाडले, महत्त्वाचं वेगळं, जाहिराती वेगळ्या, तेव्हा मोठं कौतुक झालं. रांगेत तिसऱ्या नंबरवर उभे असलेले एक निवृत्त अव्वल कारकून हे ऐकून नुसते हसले. महाराष्ट्राच्या तहसिलींत सहा गठ्ठ्यांची पद्धत किती जुनी! प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचं आणि नष्ट करायचं. शिवाय अ, ब, क, ड असे वर्ग: 'अ' कायम जपायचं, 'ड' वर्षभरानं फाडायचं. पाळली कितपत गेली ते विचारू नका, कागद अजून सापडतोय कुणाला? पण आखणी बघा. त्यातला 'प्रतीक्षाधीन' हा गठ्ठा म्हणजे अस्सल डिझाइन आहे. आपण लिहून पाठवलंय, उत्तर समोरच्याकडून यायचंय, आपल्या हातात आता काही नाही. सेवा केंद्रात येणाऱ्या प्रत्येक माणसाचं अख्खं आयुष्य या एका गठ्ठ्यात मावतं. मेलच्या पडद्यावर त्याला साधी ठळक जागा नाही. चपलांच्या जाहिरातींना मात्र स्वतंत्र कप्पा.

सुटलेला बाण परत येत नाही, असं आपण पोरांना सांगायचो. जीमेलमध्ये आता पाठवलेली मेल 30 सेकंदांपर्यंत मागे घेता येते. ही सोय खरोखर सुंदर आहे, तिला मी टोमणा मारणार नाही. माझं मागणं तेवढंच साधं आहे. पडद्यावर एक बटण द्या: 'दुसऱ्याकडून वाचून घेतोय'. ते दाबलं की एकच मेल मोठ्या अक्षरांत उघडावी, पेटीतलं बाकी काही दिसू नये, पासवर्ड कुठं साठवला जाऊ नये आणि केंद्राबाहेर पाऊल पडलं की खातं आपोआप मिटावं. फार अवघड नसावं. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीचे श्रीधर वेंबू तमिळनाडूत तेनकाशीजवळच्या खेड्यात जाऊन राहिले. त्यांच्याच कंपनीच्या यंत्रणेवर आता केंद्र सरकारच्या सुमारे 12 लाख कर्मचाऱ्यांची मेल चालते. खेड्यात बसून मेल बनवता येते, हे एकदा सिद्ध झालंच आहे. ती बनवणाऱ्यांतल्या एखाद्याला आठवडाभर इकडे मन्याडकाठी, कंधारला धाडा. चहा आम्ही पाजू.

तोवर पोरानं खाली सरकत सरकत मेल शोधलेली असते. इंग्रजीत आहे. तो मनात वाचतो, काका त्याच्या तोंडाकडे बघतात.

"काय म्हन्तंय?"

"अजून लागलं नाही काका. दुसरी यादी सोमवारी."

काका चिठ्ठी पुन्हा झेरॉक्सच्या घडीत ठेवायला लागतात, तेवढ्यात पडद्याच्या मधोमध चौकोन उघडतो. आमची मेल वापरायला किती सोपी वाटली? पाचपैकी तारे द्या.

"आता ह्याला काय पायजे?"

"तारे."

"दे की मंग," काका म्हणतात, "त्याचं कामून आडवायचं."

पोरगा पाच तारे देतो, खातं बंद न करता पुढच्याला हाक मारतो आणि वीस रुपये घेतो.