खर्जातले गृहस्थ

शहरी महाराष्ट्रातील हौशी कलावंतांचे वर्गीकरण करू पाहणाऱ्या अभ्यासकाला एकांकिका स्पर्धेतला नट, दिवाळी अंकातला कवी आणि कराओकेवर मुकेश गाणारा निवृत्त बँक अधिकारी हे फारसे न शोधता सापडतात, कारण या तिन्ही जाती आपण होऊन समोर येतात; कव्हर बँडमधला बेसवाला मात्र हुडकावा लागतो, आणि सापडतो तेव्हाही तो बहुधा ड्रमच्या झांजेआड अर्धा झाकलेला असतो. कव्हर बँड म्हणजे स्वतःची गाणी न रचता इतरांची गाजलेली गाणी होता होईल तितकी मुळाबरहुकूम वाजवून दाखवणारा वाद्यवृंद. आपल्याकडे हेच काम ‘ऑर्केस्ट्रा’ या नावाने गणपतीच्या मांडवांतून वर्षानुवर्षे चालत आलेले आहे; फरक इतकाच, की ऑर्केस्ट्रावाल्याचे पोट त्यावर चालत असे, तर पुण्याच्या कोथरूड-औंध-बाणेर पट्ट्यातील आजच्या कव्हर बँडमधील पाचही जणांचे पोट दुसऱ्याच कशावर तरी चालते आणि बँड हा खर्चाच्या रकान्यात मोडतो. या पाचांत बेसवाला सर्वांत शेवटी भरती झालेला असतो, आणि तरीही सर्वांत सुखी असतो, ही गोष्ट चिंतनीय आहे.

त्याच्या भरतीची पद्धत ठरलेली आहे. हे गृहस्थ साधारण बेचाळीस-पंचेचाळीस वर्षांचे असतात, महाविद्यालयात असताना गिटारवर तीन-चार गाणी वाजवत असत, आणि पुढे गृहकर्ज, बढती व मुलांच्या शिकवण्या यांच्या खाली ती गिटार माळ्यावर गेलेली असते. मग कचेरीतला एखादा सहकारी सांगतो, की बँड जमला आहे, गायक आहे, ड्रमवाला आहे, गिटारवाले तर दोन आहेत, फक्त बेस वाजवायला कुणी नाही. या ‘कुणी नाही’ला भक्कम ऐतिहासिक परंपरा आहे. बीटल्स या वाद्यवृंदाचा बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ 1961 मध्ये हॅम्बुर्ग येथे बँड सोडून गेला, तेव्हा उरलेल्या गिटारवाल्यांपैकी कुणीही ती जागा घेण्यास उत्सुक नव्हता, आणि अखेर ती पॉल मॅकार्टनी यांच्या गळ्यात पडली. आपल्या गृहस्थांची परीक्षाही फार कडक नसते. रविवारी सकाळी मोकळा असतोस का आणि तुझ्या गाडीची डिकी मोठी आहे का, एवढे दोनच प्रश्न विचारले जातात, आणि दोन्हींचे उत्तर होकारार्थी आले की निवड पक्की समजली जाते.

बेस गिटार हे दिसायला गिटारसारखे, परंतु स्वभावाने निराळे वाद्य आहे. त्याला सहाऐवजी चार जाड तारा असतात, त्या गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा बरोबर एक सप्तक खाली मिळवलेल्या असतात, आणि तारेची कंप पावणारी लांबी सामान्यतः 34 इंच असल्यामुळे वादकाच्या डाव्या हाताला लांबलांबचे प्रवास घडतात. पूर्वी हे खर्जाचे काम माणसाच्या उंचीहून मोठ्या, उभ्याने वाजवायच्या डबल बेसकडे होते. ते वाद्य वाहून नेणे कठीण, आणि पितळी वाद्यांच्या गदारोळात ते ऐकू येणे त्याहून कठीण. लिओ फेंडर या अमेरिकन कारागिराने 1951 मध्ये पडदे बसवलेला, विजेवर चालणारा ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो, म्हणून हे नाव. ही नेमकेपणाची हमी वाद्यापुरतीच आहे, वादकाविषयी कारखान्याने काही म्हटलेले नाही, याची जाणीव गृहस्थांना पहिल्या तालमीतच होते.

या वाद्याची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते, आणि त्या ध्वनितरंगाची लांबी आठ मीटरांहून अधिक भरते. तासाच्या भाड्याने मिळणारी तालमीची खोली, जिला हे लोक ‘जॅमरूम’ म्हणतात, बहुधा एवढी लांब नसते. परिणामी खर्ज खोलीच्या कोपऱ्यांत साचतो, आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या बेसवाल्याला आपण जगाला हादरवत आहोत असा प्रामाणिक भास होत राहतो. घरच्या सरावात चित्र उलटे असते. बेसची ओळ सुटी वाजवली असता ती गाण्यासारखी लागत नाही. एकच स्वर आठ वेळा, मग दुसरा आठ वेळा, पुन्हा पहिला. आतल्या खोलीतून आई विचारते, “दुसरी चाल नाही का रे येत तुला?” आणि खालच्या मजल्यावरचा तरुण रात्री जिना चढून येऊन अदबीने म्हणतो, “काका, पाण्याची मोटर चालू राहिलीय का, जरा बघता?”

याहून मोठा आघात मोबाइल फोन करतो. फोनच्या इवल्याशा स्पीकरमध्ये इतका खालचा स्वर उमटवण्याची ताकदच नसते. मूळ कंपने गळून जातात, वरची उपकंपने तेवढी शिल्लक राहतात, आणि त्यांवरून मेंदूने खालच्या स्वराची अटकळ बांधावी अशी निसर्गाची योजना आहे. नातेवाइकांचे मेंदू एवढे कष्ट घेत नाहीत. कार्यक्रमाची चित्रफीत कुटुंबाच्या गटावर पडते, तीत गायक गाताना ऐकू येतो, ड्रम ऐकू येतात, मागून कुणाचे तरी बाळ रडताना ऐकू येते, आणि गृहस्थ मात्र चार मिनिटे गंभीर चेहऱ्याने एका फळीला कुरवाळताना दिसतात. त्यावर एखादी मावशी लिहिते, “छान वाजवलंस हो गिटार.” ‘गिटार नव्हे, बेस’ हे वाक्य गृहस्थांनी पहिले वर्षभर लिहून पाहिलेले असते, पुढे ते हात जोडल्याचे चिन्ह पाठवू लागतात.

असे असूनही हा माणूस आनंदी का, याचे उत्तर कव्हर बँडच्या घडणीत आहे. या प्रकारच्या बँडमध्ये प्रत्येक वादक श्रोत्यांच्या स्मरणशक्तीला बांधलेला असतो. ईगल्स या अमेरिकन बँडचे 1976 मधील ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ हे गाणे, जे वाजवल्याशिवाय भारतातील क्वचितच एखाद्या कव्हर बँडची सुटका होते, त्याचे उदाहरण घ्यावे. त्याच्या अखेरीस दोन गिटारींचा जो दीर्घ संवाद आहे तो श्रोत्यांपैकी निम्म्यांना सुरासुरानिशी पाठ असतो, आणि त्यातली एक सुरावट चुकली तरी पहिल्या रांगेतला कुणीतरी शेजाऱ्याकडे अर्थपूर्ण पाहतो. दोन्ही गिटारवाले डोळे मिटून, भुवया आक्रसून हे अग्निदिव्य करीत असता त्यांच्या खाली आठ कॉर्डांचे, म्हणजे स्वरसंघांचे, तेच आवर्तन पुन्हा पुन्हा फिरत राहते, आणि त्यातल्या बेसच्या ओळीची आठवण सभागृहात एकाही माणसाला नसते. म्हणजे मूळ गाण्याच्या धाकातून मुक्त असा मंचावर हा एकटाच आहे. त्याने वाटेल ते वाजवावे, पहिला स्वर जागेवर पडला की पुरे.

आणि इथेच या स्वभावचित्रातला खरा पेच आहे, कारण मिळालेले हे स्वातंत्र्य तो वापरतच नाही. रात्री अकरानंतर, घर झोपल्यावर, तो कानाला हेडफोन लावून मूळ ध्वनिमुद्रण निम्म्या वेगाने ऐकतो, अमुक मात्रेच्या आधी स्वर किंचित घसरतो की थेट लागतो याचा निवाडा करतो, आणि कुणीही तपासणार नाही अशी ही नोंद वहीत पेन्सिलीने करतो. मूळ ओळ वाजवणारे लोकही असेच झाकलेले होते, हे त्याला ठाऊक असते. हिंदी चित्रपटसंगीताच्या तबकड्यांवर गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे येत, वादकांची सहसा येत नसत. आणि त्या वादकवर्गात गोव्यातून मुंबईस आलेल्यांचा भरणा मोठा होता. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यातील बेसवादक टोनी वाझ यांचे नाव सामान्य रसिकाला आजही सांगता येणार नाही, परंतु बेसवाला ते कुलपुरुषाच्या आदराने घेतो. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांवर वाजवलेल्या जेम्स जेमरसन यांचे नावही त्या कंपनीच्या मोठ्या ध्वनिमुद्रिकेवर छापून यायला मार्विन गे यांचा 1971 चा संग्रह उजाडावा लागला. जेमरसन उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने वाजवत आणि तार तुटल्याखेरीज बदलत नसत, असे सांगतात. यांपैकी पहिली गोष्ट गृहस्थांना साधत नाही, दुसरी मात्र त्यांनी मनःपूर्वक आचरणात आणलेली असते, कारण बेसच्या तारांचा चांगला संच काही हजारांना पडतो.

गायकाशी त्याचे नाते हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. आपल्याकडचा गायक आपली पट्टी पेटीच्या हिशेबाने सांगतो; ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ अशी ती परिभाषा असते, तर गिटारवाले इंग्रजी अक्षरांत बोलतात, आणि या दोन राज्यांमधला दुभाषा बहुतेक वेळा बेसवालाच असतो. रॉकमधली बरीच गाणी ‘ई’ या स्वरात असतात, आणि बेसची सर्वांत खालची मोकळी तार नेमकी तीच. कार्यक्रमाच्या दिवशी गायक घशाला हात लावून म्हणतो, “आज जरा अर्धा स्वर खाली घेऊ या, काळी दोन.” कीबोर्ड असता तर एक बटण दाबून काम भागले असते. बेसवाल्याची मात्र जमीन तिथेच संपलेली असते. काळी दोनचा खर्ज त्याच्या वाद्यात एका पडद्याइतक्या अंतराने नाही, म्हणून त्याला एक तर सप्तकभर वर जाऊन गाण्याचा तळ सोडावा लागतो किंवा ऐनवेळी तार उतरवावी लागते. पाच तारांचा बेस, ज्याची पाचवी तार याहूनही खाली जाते, घेण्याचा विचार गृहस्थांच्या मनात प्रथम या क्षणी येतो. घरी तो विचार ‘गायकाची गरज’ म्हणून मांडला जातो, आणि त्यात अजिबात खोटे नसते.

प्रत्यक्ष कार्यक्रम म्हणजे सोसायटीचा गणेशोत्सव. ध्वनिक्षेपणाच्या नियमांप्रमाणे रात्री दहाला आवाज बंद करायचा असतो, काही ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत मिळते, आणि सेक्रेटरी साडेनऊपासूनच घड्याळ दाखवू लागतात. आवाजाची तक्रार आली की ध्वनियंत्रणेवरचा मुलगा सर्वांत आधी खर्ज कमी करतो, कारण कमी कंपनांचा आवाज भिंतींना न जुमानता दूरवर जातो. बेसवाल्याला याची वर्दी देण्याची पद्धत नाही. तो वाजवतच राहतो. पंगतीत मीठ वाढणाऱ्याची आठवण जशी पान आळणी लागल्यावरच निघते, तशी गाणे अचानक पोकळ का झाले याची कुजबुज मग मांडवात सुरू होते, आणि ‘गायकाचा दम संपला’ असा चुकीचा निष्कर्ष काढून लोक गप्प बसतात.

परंतु त्याआधी, आठ-सव्वाआठच्या सुमारास, एक गोष्ट घडून गेलेली असते. ड्रमवाल्याच्या पायाखालच्या मोठ्या ढोलाचा ठोका आणि बेसचा स्वर हे दोन्ही एकाच क्षणी, एकाच वजनाने पडू लागतात. या मंडळींच्या बोलीत याला ‘लॉक होणे’ म्हणतात. तसे झाले की दोघांपैकी कोण काय वाजवत आहे हे ऐकणाऱ्याला वेगळे काढता येत नाही, केवळ गाण्याला पाय फुटतात. तिसऱ्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले, हाताची घडी घातलेले आणि केवळ वर्गणी दिली म्हणून आलेले एक काका गायकाकडे नापसंतीने पाहत असतात, आणि त्यांच्या नकळत त्यांची डावी चप्पल ठेक्यात हलत असते. गायकाला ती दिसत नाही, कारण तो टाळ्यांकडे पाहत असतो. गिटारवाल्यांना दिसत नाही, कारण त्यांचे डोळे मिटलेले असतात. बेसवाला ती बरोबर पाहतो, ड्रमवाल्याकडे वळून भुवई उडवतो, आणि पुढच्या आवर्तनात मूळ ध्वनिमुद्रणात नसलेला एक स्वर, रात्रभराच्या नोंदींना न जुमानता, हळूच टाकतो. चप्पल त्या स्वरावर एकदा अडखळते आणि पुन्हा चालू लागते. बढती, घर आणि गाडी यांतून जे समाधान गृहस्थांना मिळाले नाही ते या चपलेने दिलेले असते, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे. अन्यथा सोमवारी सकाळी नऊच्या बैठकीत तो इतका प्रसन्न का असतो, याचा खुलासा होत नाही.

ज्या वाचकांच्या सोसायटीत येत्या भाद्रपदात असा कार्यक्रम असेल, त्यांनी तो संपल्यावर या गृहस्थांना गिटार छान वाजवलीत असे सांगण्याची घाई करू नये. त्यांच्या ॲम्प्लिफायरचे वजन वीस किलोच्या घरात असते, लिफ्ट त्या रात्री बहुधा बंद असते, आणि बाकीचे चौघे तोवर जेवायला गेलेले असतात. एका बाजूने हात लावला तरी पुरे.