काकूले सारं मालूम

इंझोरीत एसटीतून उतरलो की मी मान जरा ताठ करूनच चालतो. दिवाळी अंकात लेख छापून येणाऱ्या माणसाला तेवढा हक्क असावा. गल्लीच्या तोंडाशी काकू दिसल्या की मान आपोआप जागेवर येते.

"काऊन रे, घराचं कर्ज फिटलं का?"

हे कर्ज मी सासुरवाडीलाही कळू दिलेलं नाही. लेखाबद्दल विचारावं म्हणून पिशवीतला अंक बाहेर काढला. (उन्हाळ्यातही मी दिवाळी अंक जवळ बाळगतो.) काकूंनी तो हातात घेतला, वजन पाहिलं आणि कुरोड्या घातलेल्या धोतराचं उडणारं टोक त्याखाली दाबलं.

कुरोड्यांचं सांगायलाच हवं. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, नाहीतर वास मारतो. मग ते वाटून, गाळून चीक रात्रभर बसू द्यायचा, सकाळी वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं. आधणात चीक सोडून घोटायला दोघींचे दंड लागतात. गुठळी झाली की एकमेकींची माहेरं निघतात. तो गरम चीक तेल-तिखट घालून खावा. काकू वाटी देतात, पण फुकट नाही: एका वाटीला एक बातमी. आमच्या जिल्ह्याचं वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. त्यांच्या हेरांना पगार काय होता कोण जाणे. काकूंचं खातं चिकावर चालतं.

मागे काकूंना गल्लीतली एक पोरगी थांब्यावर कोण्या पोराशी बोलताना दिसली. त्या एवढंच बोलल्या. संध्याकाळपर्यंत ते घरोघर झालं आणि पोरीचं कारंज्याचं कॉलेज सुटलं. मला कर्ज विचारलं तर फार तर माझं तोंड उतरतं. तिचं शिक्षण गेलं. मी चिडून काकूंना तसं सुनावलं.

काकू सोऱ्या फिरवत राहिल्या. "मलेबी कोनीतरी विहिरीवर हासताना पाह्यलं होतं बापा. पंधरा दिवसांत लगन लावून देल्लं."

मला पुढे बोलता येईना. वाटीतला चीक थिजला.

दुसऱ्या दिवशी काकू त्या पोरीच्या बापाशी भरदुपारी भांडून आल्या म्हणे. कॉलेजचं काय ठरलं, ते अजून कोणी बोलत नाही. ही बातमी पलीकडच्या मामींनी दिली आणि बदल्यात माझा पगार विचारला. दोन हजार चढवून सांगितला.

रात्री बायकोचा फोन आला. पगार वाढल्याचं मी तिला का सांगितलं नाही, असं ती विचारत होती.