दगड सोडून सगळं

न्यू जर्सीत लेकाकडे राहून परतणारी माणसं चॉकलेटं आणि बदाम आणतात. मी दगड आणला. तिथल्या ऑग्डेन्सबर्गमधली स्टर्लिंग हिलची जस्ताची खाण १९८६ साली बंद पडली, आता तिथं संग्रहालय आहे. बोगद्यातले साधे दिवे घालवून अतिनील दिवे लावले की भिंतच रंगते: विलेमाइट हिरवागार, कॅल्साइट लालभडक. मी भारावून कॅल्साइटचा तुकडा विकत घेतला. घरी आल्यावर तो पांढरट, त्यात फ्रँकलिनाइटचे काळे दाणे.

"फरशीचे तुकडे कोथरूडला मिळत नव्हते का?" हिने विचारलं.

उत्तर म्हणून मी सोसायटीत जाहीर प्रयोग ठेवला. मुहूर्त कोजागिरीचा. गच्चीवर चांदणं एवढं लख्ख, की अंधारासाठी सगळ्यांना दुधाच्या पेल्यांसकट लिफ्टच्या मशीनरूममध्ये कोंबावं लागलं. तिथं मी व्याख्यान सुरू केलं. या कॅल्साइटमध्ये कॅल्शियमच्या काही जागा मँगनीजनं बळकावलेल्या असतात. पण मँगनीजला अतिनील किरण नीट झेलता येत नाहीत. ते झेलतं शिसं, मिळालेली ऊर्जा मँगनीजकडे सरकवतं, आणि उजळतं मँगनीज. "राबतो एक, मिरवतो दुसरा. आपल्या कमिटीसारखंच!" सेक्रेटरी पुढ्यातच उभे होते.

मग मी बॅटरी लावली. दगड ढिम्म.

तिथल्या कॅल्साइटला २५४ नॅनोमीटरचे लघुलहरी किरण लागतात. माझी ऑनलाइन मागवलेली स्वस्तातली बॅटरी ३९५ची. तसं खोक्यावर ठळक छापलेलं होतं म्हणे. दगड सोडून बाकी सगळं मात्र झळकू लागलं. पांढरे शर्ट निळेशार, कारण कपडे धुवायच्या पावडरीत तसं रसायन असतं. माझ्या काळ्या कुडत्यावरचा कापसाचा तंतू न् तंतू. सगळ्यांचे दात चमकले, फक्त सेक्रेटरींचे पुढचे दोन काळे राहिले. इतकी वर्षं ते खरेच वाटत होते.

एवढ्यात खजिनदारांना स्फुरण चढलं. नोटेच्या कागदात चकाकी नसते, अस्सल नोटेचा कागद काळपट राहतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी वर्गणीच्या नोटा बॅटरीखाली धरल्या. त्यातली एक पाचशेची नखशिखांत निळी उजळली.

"ही कोणाची?"

माझी. पँटच्या खिशातून वॉशिंग मशीनची वारी करून आलेली, पावडर प्यायलेली. मी ते शास्त्रशुद्ध समजावू लागलो.

"मी खिसे तपासल्याशिवाय एकही कपडा मशीनमध्ये टाकत नाही," ही ठामपणे म्हणाली.

बँकेनं नोट दुसऱ्या दिवशी बिनतक्रार घेतली, पण ते कोणी विचारलंच नाही. बॅटरी 'सोसायटीच्या कामासाठी' खजिनदारांनी ठेवून घेतली आहे. मेन्टेनन्स सगळे रोख भरू शकतात. मला तेवढी चेकची सक्ती आहे.