दौंडला गाडी फिरते

कवठे येमाईला रेल्वे नाही. तरी रेल्वे कंपन्या काढणं, शेअर विकणं आणि जवळच्या नातेवाइकांना दिवाळखोरीत ढकलणं हा उद्योग आमच्या ओसरीवर अनेक वर्षं सुखेनैव चालू आहे. मूळ पापी फ्रान्सिस ट्रेशम नावाचा इंग्रज. त्यानं 1974 साली ‘1829’ हा पटावरचा खेळ काढला, 1986 साली ‘1830’ आणला. पुढं भारतावरही एक केला. त्याचं नाव ‘1853’, म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली ते साल. षट्कोनी तुकडे जोडून रूळ टाकायचे, गाड्या पळवायच्या, लाभांश वाटायचा. पंखा लावला की तुकडे उडतात आणि नाही लावला तर खेळाडू उठतात. म्हणून मी म्हटलं, हे कॉम्प्युटरवर आणू. नकाशा आपलाच घेऊ: पुणे, दौंड, बारामती, नगर, मनमाड.

पुण्यात आयटीत नोकरी करून आल्यामुळे मला सगळ्यातलं कळतं असा गावाचा समज होता. माझाही होता.

रूळ टाकणं सोपं निघालं. अवघड असतं ते टाकू न देणं. पटावर कुणी नकाशाबाहेर रूळ काढला की बाकीचे ओरडतात. कॉम्प्युटर ओरडत नाही, त्याला एकेक ‘नाही’ लिहून द्यावं लागतं. हिरवा तुकडा पिवळ्यावरच, तपकिरी हिरव्यावरच. खालचा एकही रूळ तुटता कामा नये. एका माणसाकडे एका कंपनीचे 60 टक्क्यांहून जास्त शेअर नकोत. सगळं लिहिलं, आणि पहिल्याच डावात भाच्यानं मला त्याची कंपनी भेट दिली.

त्याचं असं आहे. ‘चार’ शहरांची पहिली गाडी विकली गेली की ‘दोन’ शहरांच्या सगळ्या गाड्या भंगारात जातात. मग कंपनीकडे गाडी नसेल आणि पैसेही नसतील, तर अध्यक्षानं खिशात हात घालायचा, लागलंच तर शेअर विकायचे. मात्र ते विकताना याच कंपनीचं अध्यक्षपद दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं नाही. हा ‘मात्र’ मी लिहिलाच नव्हता. भाच्यानं शेअर विकले, माझे त्याच्यापेक्षा जास्त झाले आणि स्क्रीनवर झळकलं, ‘अभिनंदन, आपण अध्यक्ष झालात.’ खाली गाडीचं बिल.

“मामा, कॉम्प्युटर करू देतोय म्हणजे नियमातच असणार,” भाचा म्हणाला.

इरेला पेटून मी रात्रभर दिसेल ते बंद करत सुटलो. दुसऱ्या दिवशी पहिली चालच कुणाला करता येईना. रूळ टाकायला स्टेशन हवं आणि स्टेशन मांडायला रूळ हवा. कंपनीचं पहिलं स्टेशन रुळावाचून बसतं, हा अपवाद राहून गेला होता. सगळे ‘चाल अमान्य’कडे बघत बसले. मग लाइट गेली आणि माझी अब्रू वाचली.

खरा प्रश्न नानांनी काढला. माझे हे चुलते दौंडला गार्ड होते. त्यांनी पुणे-दौंड-मनमाड गाडी काढली, तर मार्ग लाल. खेळात फाट्यावर गाडीला मागं फिरता येत नाही. शहर असेल तर कुठूनही येऊन कुठंही जाता येतं. मी दौंडला नुसता फाटा काढला होता.

“दौंड फाटा?” नाना चष्मा काढून म्हणाले. “आरं, आमची झेलम दौंडला उलटी निघायची. हिकडचं इंजिन काढायचं, तिकडं लावायचं. 1863 ला बोर घाटात लाइन झाली, तवा तिथंबी रिव्हर्सिंग स्टेशन हुतं. तुझ्या साहेबाला ठावं न्हाई व्हय?”

पुढं दौंडला कॉर्ड लाइन झाली आणि इंजिन फिरवायची कटकट गेली, असं मी म्हणून पाहिलं. नानांनी चहाचा कप बाजूला सारला. कप सारला की आमच्याकडे विषय संपतो. दौंडला शहर करायचं तर नकाशाचं सगळं गणित फिरतं, म्हणून मी एका ओळीत काम उरकलं: दौंड असेल तर गाडी मागं फिरू शकते.

भाच्यानं ती ओळ जेवणाआधी हुडकली. त्याची गाडी पुण्याहून निघून दौंडला फिरून त्याच रुळानं पुण्यात परत, पुण्याचं उत्पन्न दोनदा. मी नानांना म्हटलं, बघा, हे असं होतं.

“काय होतं?” नाना म्हणाले. “ही तर पुणे-दौंड शटल. रोज धावती.”