साडूंचा मासा

साडू आणि समुद्र यांच्याशी एका वेळी एकाचाच संबंध ठेवावा, असं माझं जुनं धोरण होतं. बॉस्टनजवळ राहणाऱ्या माझ्या साडूंनी तेवीस फुटी बोट घेतली आणि ते धोरण बुडालं. साडू मूळचे सोलापूरचे. ज्या शहरात नळाला पाणी आलं की शेजारी एकमेकांना हाका मारून सांगतात, तिथे वाढलेला माणूस अटलांटिक महासागरात ब्लूफिन ट्युना धरायला निघतो. याला मी छंद म्हणत नाही, हा अनुशेष भरून काढण्याचा प्रकार आहे. मी मालवणचा, तेव्हा मला मासेमारी येणारच असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. मला मासे खाता येतात. या दोन्हींतला फरक सासुरवाडीत अजून कुणी मान्य केलेला नाही.

ब्लूफिन म्हणजे साधासुधा मासा नव्हे. १९७९ साली नोव्हा स्कॉशियात गळाने काढलेला एक ब्लूफिन ६७९ किलो भरला होता आणि गळाच्या मासेमारीतला तो विक्रम समजला जातो. मासा थंड रक्ताचा असतो, असं आपण शाळेत घोकलं. हा गृहस्थ त्याला अपवाद. त्याच्या अंगात बारीक रक्तवाहिन्यांचं असं जाळं असतं, की स्नायूंत तयार झालेली ऊब कल्ल्यांवाटे पाण्यात न जाता पुन्हा आत वळते. बाहेर हाडं गोठवणारं पाणी असलं तरी याचे स्नायू, डोळे आणि मेंदू गरम. वेग घ्यायचा झाला की पर अंगावरच्या खाचांत दुमडून ठेवतो. आणि थांबायची सोय नाही. पोहत राहिला तरच कल्ल्यांतून पाणी वाहतं. थांबला की गुदमरला. जन्मभर ना रजा, ना सुट्टी. साडू आयटीत आहेत, त्यांना हा मासा इतका जवळचा का वाटतो ते मला इथे कळलं.

अर्थात खरी भुरळ भावाची. साठेक वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर ब्लूफिनला पाउंडामागे काही सेंट मिळत आणि बराचसा माल मांजरांच्या डब्यात जाई. हौशी लोक माशाशेजारी उभं राहून फोटो काढत आणि मग मासा उचलून न्यायला वर पैसे मोजत. पुढे जपानहून अमेरिकेत माल घेऊन येणारी विमानं परत जाताना रिकामी जातात, ही गोष्ट जपान एअरलाइन्सच्या अकिरा ओकाझाकी नावाच्या कर्मचाऱ्याला खुपली. परतीच्या भाड्यासाठी त्याची शोधाशोध सुरू झाली आणि ऑगस्ट १९७२ मध्ये कॅनडाचे ब्लूफिन टोकियोच्या त्सुकिजी बाजारात लिलावाला उभे राहिले. मांजराच्या ताटातलं माणसाच्या ताटात आलं की त्याची किंमत कुठे जाते पाहा. २०१९च्या नववर्षाच्या पहिल्या लिलावात २७८ किलोचा एक मासा ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. साडूंनी या आकड्याचे रुपये करून कागद फ्रिजवर लावला आहे. तो मासा पॅसिफिकचा, म्हणजे आपल्या माशाचा चुलतभाऊ. शिवाय वर्षाच्या पहिल्या लिलावात दुकानदार जाहिरातीसाठी बोली चढवतात. एरवी तसा भाव मिळत नाही, हे मी सांगून पाहिलं. साडू म्हणाले, "तुमचं कोकणातल्या लोकांचं असंच. आधी पाय मागे."

मासा धरण्याआधी सरकार धरावं लागतं. हौशी परवाना काढला तर मासा विकता येत नाही. विक्रीचा काढला तर ७३ इंचांपेक्षा लहान मासा ठेवता येत नाही. ७३ इंच म्हणजे सहा फूट एक इंच. माझ्याहून उंच असेल तोच मासा बोटीत घ्यायचा, असा अमेरिकेचा कायदा आहे. साडूंनी अर्थातच विक्रीचा परवाना काढला. त्यात आणखी वार पाळावे लागतात. अलीकडच्या हंगामांत जुलैपासून मंगळवार, शुक्रवार आणि शनिवार या दिवशी विक्रीसाठी ब्लूफिन धरायला बंदी असे. आमच्या आईने मंगळवार-शनिवार जन्मभर पाळले, पण तिने ते पकडण्याला लावले नव्हते. नोकरदार माणसाला मग रविवार उरतो.

तर रविवारी पहाटे ग्लॉस्टर बंदर. या गावाने समुद्रात पाच हजारांवर माणसं गमावली आहेत. सुकाणू धरलेल्या कोळ्याचा १९२५ सालचा पुतळा तिथे किनाऱ्यावर उभा आहे. मी काळोखातच त्याच्या दिशेने हात जोडले. साडू तेव्हा माझी पिशवी तपासत होते. बायकोने आलेपाकाच्या वड्या दिल्या होत्या, बोट लागू नये म्हणून. त्यांच्याखाली केळ्याचे वेफर्स निघाले आणि साडूंचा चेहरा उतरला. इकडच्या गळवाल्यांत बोटीवर केळं नेणं हा घोर अपशकुन.

"अहो, पण हे तळलेलं आहे," मी म्हणालो.

"तळलं तरी केळं ते केळंच."

एम.टेक. झालेला माणूस. मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्या आपल्या आत्याला हाच माणूस हसतो. वेफर्स धक्क्यावरच्या कचरापेटीत गेले. निम्मे माझ्या खिशात गेले, हे त्यांना अजून ठाऊक नाही.

स्टेलवेगन बँक ही केप ॲन आणि केप कॉड यांच्यामधली पाण्याखालची उथळ जागा. तिथे पोचायच्या आधी आमिष गोळा करायचं होतं. बारीक गळांची माळ साडूंनी पाण्यात सोडली, दोनदा हलवली आणि वर ओढली. प्रत्येक गळाला एकेक बांगडा! अटलांटिकचा बांगडा, आपल्यापेक्षा सडपातळ, पाठीवर हिरव्या-निळ्या नागमोडी रेघा, ऊन पडलं की रंग बदलणारा. मालवणी माणसाने अशा वेळी काय करावं? मी मनात तिरफळं मोजू लागलो. साडूंनी मात्र त्यातला सर्वांत गुबगुबीत निवडला, त्याच्या नाकाडातून गळ ओवला आणि त्याला समुद्रात परत पाठवला. वाईट याचं वाटतं, की बांगडा, सुरमई आणि ट्युना हे सगळे एकाच कुळातले. घरचाच माणूस पुढे करून घरच्याच माणसाला पकडायचं. भाऊबंदकीचं हे तंत्र सोलापूरच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. टाकीत जे बांगडे मेले ते कापून पाण्यात टाकायचे होते. ती जबाबदारी मी आपणहून अंगावर घेतली आणि ते बर्फात दडवले.

मग वाट पाहणं. दोरीला फुगा बांधलेला, फुग्याखाली बांगडा, बांगड्याखाली अथांग. दूर एका देवमाशाने शेपूट दाखवली. रेडिओवर कुणीतरी कुणालातरी काहीच लागत नाही म्हणून सांगत होतं. आलेपाक संपला.

फुगा फटकन फुटला आणि रिळाने किंकाळी फोडली. दोरी इतक्या वेगाने जात होती, की रिळातून पातळ धूर निघतोय की पाण्याचे तुषार, ते कळेना. "बोट वळवा! माशाकडे वळवा!" साडू ओरडले. मासा कुठे आहे ते मला दिसत नव्हतं. दोरी ज्या बाजूला जात होती तिकडे मी वळवली, तर ती बोटीखालून पलीकडे गेली. साडूंनी कमरेला पट्टा बांधला, पाय रोवले आणि ओढायला सुरुवात केली. त्यांनी हातभर दोरी आत घ्यावी आणि माशाने वावभर न्यावी. मी "द्या इकडे, थोडं मी ओढतो" असं म्हटलं की ते मान हलवत. त्यांना फोटोच्या खाली एकच नाव हवं होतं. तास उलटून गेला, सूर्य डोक्यावर आला. साडू काय पुटपुटत होते ते कान देऊन ऐकलं तर मारुतिस्तोत्र. शेवटी मासा बोटीखाली गोल गोल फिरू लागला. वर आला तेव्हा आधी शेपटीजवळची पिवळी दातेरी परांची रांग दिसली, मग ती निळी-काळी पाठ, आणि मग एवढा मोठा काळा डोळा. साडूंनी हार्पून मारला, शेपटीला फास टाकला. माप घेतलं, ७३ इंचांच्या पुढे बरंच होतं. रक्त काढलं, आतडी काढली, आणि माझं तोंड उघडण्याआधी डोकंही कापून समुद्रात सोडलं. त्या डोक्यात आमच्या अख्ख्या वाडीचं सार झालं असतं.

धक्क्यावर व्यापाऱ्याने शेपटीजवळची एक चकती कापली. चिमटीत धरून मांस चोळलं, बोटाला लागलेला तेलाचा अंश उजेडात पाहिला. मग एक बारीक नळी आत खुपसून नमुना काढला. साडू त्याला झुंजीचं वर्णन ऐकवत होते, किती वेळ लागला, मासा किती झुंजला. व्यापारी मान डोलावत ऐकत होता आणि प्रत्येक वाक्यागणिक भाव खाली येत होता. कारण ऊब अंगात धरून ठेवणारा हा मासा फार वेळ झुंजला, की आतल्या आत तापतो. मांसाचा लाल रंग फिकट, शिजल्यासारखा होतो आणि सुशीवाले त्याला हात लावत नाहीत. त्यात उन्हाळ्यातला मासा, अजून चरबी धरलेली नाही, आणि बाजारात माल भरपूर. साडूंच्या पराक्रमाने माशाचं मोल निम्म्यावर आणलं होतं. चिठ्ठीवरच्या रकमेत पेट्रोल निघालं, बर्फ जेमतेम निघाला. बोटीचा हप्ता त्यांनी हिशेबातच धरला नाही.

फोटो मात्र झकास आला होता. तो सासुरवाडीच्या ग्रुपवर पडताच टाळ्या आणि अंगठे सुरू झाले. सासूबाई रत्नागिरीच्या. त्यांनी तो मोठा करून पाहिला असावा, कारण उत्तर जरा उशिरा आलं.

"हा तर कुपा दिसतो. आमच्याकडे पाहुणा आला तर करत नाहीत. काय केलंत त्याचं?"

साडूंनी लिहिलं, "विकला."

"बरं केलंत. आणि जेवलात काय?"

मी तव्याशी उभा होतो. डाव्या हाताने लिहिलं, "बांगडे."