चव उत्तम

आमच्या शाळेत एक वही आहे. तिच्यावर लाल शाईत 'चव नोंदवही' असं लिहिलंय आणि त्याखाली कुणीतरी पेन्सिलीने बाहेर काढलेल्या जिभेचं चित्र काढलंय. शालेय पोषण आहाराची खिचडी पोरांच्या ताटात पडण्याआधी शिक्षकाने खाऊन बघायची आणि वहीत तारीख, पदार्थ, शेरा लिहून सही ठोकायची, असा नियम आहे. गेली आठ वर्षं ही वही माझ्याकडे आहे. हिशेब केला तर माझ्या नावावर दीड हजारावर शेरे निघतील. सगळ्यांचा मजकूर एकच : 'चव उत्तम'. एकदा घाईत 'उत्तम'च्या जागी 'उपस्थित' लिहून गेलो, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

दीड हजार दिवस सलग उत्तम असणारी चव मी सासुरवाडीतही पाहिलेली नाही. पण दुसरं लिहिणार काय? 'करपली' लिहावं तर तपासणीला येणारा साहेब विचारणार, करपली तर वाटली कशाला? आणि 'मीठ जास्त' लिहावं तर खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या तोंडाकडे बघवणार नाही. महिन्याला २,५०० रुपये मानधनावर ही बाई एक्केचाळीस पोरांचं रांधते, पातेली घासते, आणि वर डोळ्यांत धूर घेऊन माझ्यापुढे वाटी धरते. तेव्हा उत्तम. रोज उत्तम.

या वहीनेच माझा घात केला. सप्टेंबर हा पोषण माह. तालुक्याहून व्हॉट्सअ‍ॅपवर आदेश आला : मुलांना सकस आहाराची माहिती द्यावी, उपक्रम घ्यावेत, फोटो पाठवावेत. आमची शाळा जुन्नर तालुक्यातल्या एका वाडीवरची, द्विशिक्षकी. दुसऱ्या शिक्षिका म्हणजे आमच्या बाई. त्यांनी मोबाईल माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, "चव तुम्हीच घेता, तेव्हा आहारातलं तुम्हालाच जास्त कळणार."

आता माझी पात्रता सांगतो. बायकोही शिक्षिका, पण दुसऱ्या जिल्ह्यात. बदल्यांमध्ये 'पती-पत्नी एकत्रीकरण' नावाची एक सोय असते. त्या सोयीसाठी केलेले आमचे दोघांचे अर्ज एकत्र टाचलेले आहेत. आम्ही अजून नाही. त्यामुळे मी नारायणगावात खोली घेऊन राहतो. खोलीतल्या गॅसवर दूध उतू जाण्यापलीकडे काही घडत नाही. दोन्ही वेळचा डबा खानावळीचा. रोज रात्री बायको फोनवर विचारते, "डबा कसा होता?" मी सांगतो, "उत्तम." सवयीने तोंडात बसलंय.

सरकारी आहाराशी संबंध मात्र जुना. १५ ऑगस्ट १९९५ ला ही योजना देशात सुरू झाली तेव्हा मी चौथीत होतो. तेव्हा शाळेत शिजवत नसत. ऐंशी टक्के हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायचा. आमचं गाव पारनेर तालुक्यातलं, बाजरीच्या मुलखातलं. भात दोनदाच व्हायचा, सणाला नाहीतर कुणी आजारी पडलं तर. मी पहिल्यांदा तांदळाची पिशवी घेऊन आलो तेव्हा आजीने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. शाळेत जाऊन पोरगं आजारी पडत असणार, उगाच कोण तांदूळ देतंय, असा तिचा हिशेब. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला सांगितलं की कोरडं धान्य नको, शिजवलेलं अन्न द्या. तोवर मी दहावीत. खायच्या वयात कच्चा तांदूळ आणि केस पिकायच्या वयात खिचडी, असा माझा योग.

तर तिसरी-चौथीचा वर्ग भरवला आणि भिंतीवर तक्ता लावला. तक्ता कुठल्या तरी शहरात छापलेला. त्यावर सफरचंद, स्ट्रॉबेरी, ब्रोकोली.

"सर, ह्या फ्लावरला काय झालंय?"

"ती ब्रोकोली आहे."

"बुरशी धरलीय तिला. म्हशीलासुदिक घालू नये."

मी जीवनसत्त्वांकडे वळलो. अ, ब, क, ड असं फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, कोणतं जीवनसत्त्व कशातून मिळतं? अख्ख्या वर्गाचे हात वर. आठ वर्षांत मी एवढे हात एकदम पाहिले नव्हते. अ अननसात, ब बटाट्यात, क कांद्यात, ड डाळिंबात. बाराखडीच्या जोरावर सगळ्यांनी पोषणशास्त्र पूर्ण केलं. क आवळ्यात आणि लिंबात असतं म्हटल्यावर तर वर्गात नाराजीच पसरली. आवळ्यात अ असायला हवं, हे त्यांचं म्हणणं मला खोडता येईना. शेवटी मी सांगितलं की ड जीवनसत्त्व उन्हातून मिळतं.

"मग ते उ पाहिजे ना सर?"

गणित बरं म्हणून आकड्यांवर आलो. पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत म्हणून माणशी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरलेलं असतं. ज्याला तीनचा पाढा अजून एकदाही सरळ म्हणता आलेला नाही, तो मागच्या बाकावरून म्हणाला, "मी तीनदा घेतो. म्हंजी तेराशे पन्नास."

जाता जाता मी लोहाचं सांगितलं. जेवणाबरोबर चहा प्यायला तर अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. त्याऐवजी लिंबू पिळावं, म्हणजे जास्त लागतं. हे बोलताना माझ्या टेबलावर बशीने झाकलेला कप होता. दुसऱ्या रांगेतल्या दोन वेण्यांच्या पोरीने कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. हुशार पोरगी आहे, टिपणं काढते, असं मला वाटलं.

मग उपक्रम दिला. आहार डायरी. तीन दिवस, शुक्रवार ते रविवार, जे खाल ते, जेव्हा खाल तेव्हा, खरं लिहायचं. 'खरं' या शब्दाखाली मी फळ्यावर दोन रेघा मारल्या. त्या रेघा मारल्या नसत्या तर पुढचं काही झालं नसतं.

सोमवारी वह्या आल्या. काहींनी सरळ तक्ताच उतरवला होता : 'सकाळी दूध, फळे व सुका मेवा. दुपारी चपाती, पालेभाजी, कोशिंबीर, वरण, मासे. रात्री ब्रोकोली.' हा बुरशीवाला. पण बाकीच्यांनी रेघांचा मान राखला होता.

'सकाळी रात्रीची भाकर चहात बुडवून. शाळेत खिचडी तीनदा. घरी जाताना भुईमुगाच्या शेंगा. कोणाच्या रानातल्या ते लिहीत नाही. रात्री पिठलं. फडताळात अंडी आहेत पण ती पाहुण्यांची आहेत.'

'आज आईचा उपास होता. आईने साबुदाण्याची खिचडी, केळी, वेफर, भगर, शेंगदाण्याची आमटी व राजगिऱ्याचा लाडू खाल्ला. मला उपास नव्हता म्हणून मी नुसता वरणभात खाल्ला.'

'कुर्डूची भाजी खाल्ली. तक्त्यात नाही. तर ती मोजायची का?'

'आजीला शुगर आहे. आजीने गूळ खाल्ला. कुणाला सांगू नको म्हणाली म्हणून मी फक्त लिहिलं.'

आणि एका शहाण्याची शनिवार रात्र : 'बाबा आणि काका पडवीत बसले. मला भाजलेले शेंगदाणे व उकडलेलं अंडं मिळालं (प्रथिने). बाबांनी नुसतं पाणी प्यायलं. आमच्या हंड्यातल्या पाण्याला तसा वास येत नाही.'

कंसातली प्रथिनं बघून माझा ऊर भरून आला. शिकवलेलं कुठेतरी पोहोचलं होतं. त्याच भरात मी सगळ्या वह्यांचे फटाफट फोटो काढले, तालुक्याच्या ग्रुपवर टाकले आणि 'पोषण माह, आमचा अभिनव उपक्रम' म्हणून माझ्या स्टेटसलाही ठेवले. वाचून नाही ठेवले. अर्ध्या वह्या वाचल्या होत्या. बाकीच्या अक्षर चांगलं होतं म्हणून टिपल्या. केंद्रप्रमुखांनी दोन मिनिटांत अंगठा पाठवला.

वाडीतले सगळे पालक माझं स्टेटस बघतात, हे मला मंगळवारी सकाळी कळलं. शाळेच्या फाटकाशी तीन मोटारसायकली उभ्या होत्या. पडवीवाले बाबा सगळ्यांत पुढे. शांतपणे म्हणाले, "सर, जेवणाचं लिहायला सांगितलं ते ठीक. पाणी कशाला लिहायचं? पाणी काय आहारात येतं का?"

"येतं," मी म्हणालो. खोटं कसं बोलणार?

उपासवाल्या ताई आत आल्याच नाहीत. फाटकातूनच त्यांनी एवढंच विचारलं की वेफरचा पुडा पाच रुपयांचा होता, तो अख्खा लिहायची गरज होती का? शेंगांच्या रानाचे मालकही आले होते. नाव वहीत नव्हतं, पण आपलं रान त्यांनी ओळखलं होतं. सगळ्यांत शेवटी काठी टेकत आजी आली. तिच्या सुनेने गुळाचा डबा आता माळ्यावर ठेवला होता. मला वाटलं शिव्या घालणार. पण तिची तक्रार वेगळीच. "गुरजी, म्या खाल्ला गूळ. नाय म्हनत नाय. पर सुपारीएवढाच व्हता. त्यानं माप नाय लिवलं. तुमी आकडे शिकवता ना? मग माप शिकवा."

बाई खोलीच्या दारातून हे सगळं बघत होत्या. त्यांनी फक्त विचारलं, "दुसऱ्या रांगेतल्या पोरीची वही वाचली का तुम्ही?"

वाचली नव्हती. अक्षर चांगलं म्हणून टिपलेल्यांतली होती. पहिल्या दोन पानांवर तिचं स्वतःचं खाणं नीटनेटकं लिहिलेलं, भाकरी किती, भाजी कुठली. तिसऱ्या पानावर नवं शीर्षक, खाली दोन रेघा :

'सरांची आहार डायरी. शुक्रवार. सव्वादहा, चहा. अकरा, चहा, बिस्किटं चार. बारा, चहा. साडेबारा, खिचडीची चव (वाटी भरून). पाऊण, चव परत घेतली. दीड, डबा उघडला. वांग्याची भाजी खिडकीतून काळ्या कुत्र्याला. चपाती लोणच्याबरोबर. लगेच चहा. शनिवारी शाळा सकाळची, त्यामुळे चहा तीनच. रात्रीचं माहीत नाही. हिरवी भाजी : नाही. लिंबू : नाही. लोह : अंगी लागत नाही.'

मी स्टेटस काढून टाकलं. त्याआधी ते एकशे बारा जणांनी बघितलं होतं. यादीत सगळ्यांत वर बायकोचं नाव.

रात्री फोन आला. नेहमीचा प्रश्न नव्हता.

"काळ्या कुत्र्याला डबा कसा वाटला?"

"उत्तम," मी म्हणालो. खरंच, सवयीने गेलं तोंडून.

बुधवारी साडेबाराला मावशी वाटी घेऊन आल्या. मसालेभात होता, वाटाणे घातलेला. वाडीत जे झालं ते त्यांच्या कानावर गेलेलंच असणार, कारण रोज वाटी ठेवून निघून जाणाऱ्या मावशी पदराला हात पुसत तिथेच थांबल्या. दोन वेण्यांची पोरगी ताट घेऊन रांगेत पहिली. मी घास घेतला. चावला. मीठ लागेना. आणखी एक घास घेतला. नाही लागलं. वही उघडली, तारीख घातली, पदार्थ लिहिला, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'मीठ कमी'. हात थरथरला, असं नंतर बाई म्हणाल्या.

मावशींना वाचता येतं, पण चष्मा चुलीपाशी राहिला होता. त्यांनी पोरीला विचारलं, "काय लिवलंय गं?" तिने खणखणीत वाचून दाखवलं. मावशी काही बोलल्या नाहीत. माझ्याच वाटीतला भात चिमटीत घेऊन तोंडात टाकला, टेबलावरच्या बशीने झाकलेल्या कपाकडे एकदा पाहिलं आणि पातेलं उचलून वाढायला गेल्या.

दुपारी मी वही कपाटात ठेवायला घेतली. माझ्या शेऱ्याखाली पेन्सिलीने एक ओळ वाढली होती : 'मीठ बरोबर आहे. सरांनी चवीआधी चहा घेतला होता.' आणि सहीच्या रकान्यात जागा पुरेना म्हणून समासात वळवून, वर-खाली, आडव्या-उभ्या, एक्केचाळीस सह्या.